वर चढायला ठेवलेला

मालकीण : पोस्टर लावतोयस की घरटं बांधतोयस रे? शटर उघडायची वेळ झाली.

मामा : लावतोय, ताई.

मालकीण : मघापासून नुसतं "लावतोय, लावतोय". खालून बघतेय मी. दोन्ही हात त्या पाइपाला आणि डोळे मिटलेले.

मामा : पाइप सरळ आहे का ते बघत होतो.

मालकीण : डोळे मिटून?

मामा : तू जा ना. काउंटर उघड तोवर.

मालकीण : काउंटरला पाय नाहीत पळून जायला. तू उतर. एक कोपरा राहिलाय ना, राहू दे लोंबत. संध्याकाळी बघू.

मामा : तू अशी बघत उभी राहिलीस की मला उतरता येत नाही.

मालकीण : अगंबाई! एवढा लाजरा कधी झालास? जेव्हा लाज हवी होती तेव्हा कुठं ठेवली होतीस?

मामा : ताई, जा म्हणतोय ना!

मालकीण : ओरडू नकोस. आणि शिडी कशाला हलवतोयस?

मामा : मी नाही हलवत.

जावई : आई, मागचं दार उघडं कसं काय... मामा? वर काय करताय तुम्ही?

मालकीण : या, जावईबापू, या. तुमचीच कमी होती.

जावई : शिडीला साखळी घातली होती मी. कुलूप होतं.

मालकीण : होतं. त्याची चावी माझ्याकडेही असते हे विसरलात तुम्ही. दुकान अजून माझं आहे. शिडीसकट.

जावई : तुम्ही उघडून दिलीत?

मालकीण : मग काय करू? तुमच्या त्या काठीच्या नादी लागू? लांबलचक काठी घ्यायची, टोकाला लोहचुंबक, आणि जमिनीवर उभं राहून पोस्टर छताच्या लोखंडाला चिकटवायचं! काय झालं पहिल्या आठवड्यात? पोस्टर सुटलं ते थेट काचेच्या सामानावर. गिऱ्हाईक किंचाळत बाहेर पळालं. माझ्या भावानं तारेनं बांधलेलं पोस्टर आजवर पडलेलं नाही. एकही.

जावई : तिथं जुन्या रंगाचे थर होते, म्हणून चुंबकानं धरलं नाही. मी ते खरवडून घेतले. त्यानंतर पडलंय का काही?

मालकीण : खरवडून घेतले! अहो, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की तुम्हाला दरदरून घाम फुटतो. सगळं दुकान बघतं. म्हणून ती काठी, आणि नाव सुरक्षिततेचं. कालच ह्याला म्हणाले मी, तुलाही झेपत नसेल तर सांग बाबा, तुझ्यासाठीही एक काठी मागवते. मग दोघं मिळून गळ टाकून बसा मासे पकडत. चढला मुकाट्यानं.

जावई : आई, जरा गप्प बसता?

मालकीण : काय म्हणालात?

जावई : मामांचे गुडघे बघा.

मामा : माझे गुडघे ठणठणीत आहेत. जावईबापू, तुम्ही तुमची काठी घ्या आणि कोळ्यांची जाळी काढा. तेवढ्यासाठी ती बरी आहे.

जावई : मामा, दुकान फिरतंय का?

मामा : नाही.

जावई : खरं सांगा.

मामा : थोडं.

मालकीण : थोडं म्हणजे? दुकान कशाला फिरेल? भोवरा आहे का ते?

जावई : तुम्ही शिडी धरा. दोन्ही हातांनी, घट्ट. हा पाय असा का? ह्याचं रबर गेलेलं होतं, म्हणूनच बाजूला ठेवली होती ना शिडी. हा पुठ्ठा कोणी घातला खाली?

मालकीण : मी. चांगला जाड आहे.

जावई : शाबास. पुठ्ठ्यावर माणूस उभा केलात.

मालकीण : टोमणे नंतर मारा. धरलीय मी.

मामा : सगळ्यांत वरच्या पायरीवर आहे मी. तिथं उभं राहायचं नसतं, मला कळतं. पण हात पुरेना.

जावई : ते जाऊ दे आता. डोळे मिटू नका. मान अजिबात हलवू नका. समोर काय दिसतंय?

मामा : पोस्टर.

जावई : त्यावर काय आहे?

मामा : बाई आहे. गादीवर बसून हसतेय. वीतभर एकेक दात.

जावई : तिच्या एका डोळ्याकडे बघत राहा. फक्त एका.

मामा : दोन्ही फिरताहेत.

मालकीण : फिरू देत. आणि हसतेय म्हणून भुलू नकोस. गादी विकायला बसवलीय तिला, तुझं कौतुक नाही चाललेलं.

मामा : ते कळतंय मला.

मालकीण : ऐका, शटर वाजतंय. आली मंडळी. गाद्या उचलणारे ते दोघं चांगले धिप्पाड आहेत. त्यांना आत घेते, ते धरतील ह्याला...

मामा : शटर उघडलंस तर हात सोडीन.

मालकीण : हात सोडलास तर माझ्याच डोक्यात पडशील, मूर्खा.

मामा : मग पडेन. पण उघडायचं नाही. त्या लोकांसमोर मी छाती काढून फिरतो. वर चढणं म्हणजे खायचं काम नाही म्हणून सांगतो. ते मला असं बघणार? पाइपाला मिठी मारलेलं वटवाघूळ?

जावई : मग अग्निशमन दलाला फोन करतो.

मामा : बंब बोलावणार? झाडावर मांजर अडकलंय का? आख्खा रस्ता गोळा होईल. ठेवा तो फोन खिशात.

जावई : ठेवला. पण मग माझं ऐकायचं. हे ओसरतं थोड्या वेळात. मागच्या वेळीही ओसरलं होतं.

मालकीण : मागच्या वेळी? कुठल्या मागच्या वेळी?

मामा : बोललात! तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मालकीण : जावईबापू, मी विचारतेय. कुठली मागची वेळ?

जावई : मागच्या गोदामात. उन्हाळ्यात. पंख्यांची खोकी मोजायला गेलो होतो, तर मामा फडताळाला धरून खाली बसलेले. चेहरा राखेसारखा. समोर बादली. उलटी झाली होती.

मालकीण : उन्हाळ्यात! मला म्हणाला होता, बाहेरचं काहीतरी खाल्लं.

जावई : मी डॉक्टरकडे नेलं. कानाच्या आत काहीतरी असतं, त्यावर माणसाचा तोल असतो म्हणे. ते बिघडलंय. केव्हाही चक्कर येऊ शकते. मान वर केली की जास्त.

मालकीण : कान? ह्याला कान आहेत हेच मला नवीन आहे. जन्मात कोणाचं ऐकलं नाही त्यानं.

मामा : झालं सुरू.

मालकीण : झालं सुरू काय? मान वर करायची नाही असं डॉक्टर सांगतो, आणि तू छताला लटकतोस? आणि मला कोणी काही सांगत नाही? मी कोण आहे ह्याची? रस्त्यावरची?

जावई : मामांनी शपथ घातली होती.

मालकीण : शपथा पाळायला तुम्ही कोण हरिश्चंद्र!

जावई : खरं सांगू? त्यांनी शपथ घातली नसती तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं.

मालकीण : का बरं?

जावई : कारण तुम्ही माणसाला सोलता, आई. चारचौघांत. सोलून झालं की वर मीठ लावता. आणि मग म्हणता, मी आपली स्पष्ट बोलते, माझ्या मनात काही नसतं.

मालकीण : वा! माझ्याच दुकानात, माझ्याच शिडीखाली उभं राहून...

जावई : शिडी सोडू नका!

मालकीण : सोडत नाहीये. बोला तुम्ही. हात अडकलेत म्हणून ऐकून घेतेय.

जावई : म्हणून काठी आणली मी. घामाचं मला काही वाटत नाही, फुटतो तर फुटतो. तुम्ही हसलात, काउंटरवरच्या बायका हसल्या, मी हसू दिलं. म्हटलं, काठी आली की मामांना वर जावंच लागणार नाही, आणि कोणाला कारणही सांगावं लागणार नाही.

मालकीण : आणि तू, रे? तुला हे माहीत होतं? काठी तुझ्यासाठी आणलीय म्हणून?

मामा : होतं.

मालकीण : मग सगळ्यांत जास्त नावं तूच ठेवलीस तिला! "सुईत दोरा ओवल्यासारखं पोस्टर लावतात" म्हणालास. नक्कल करून दाखवलीस ह्यांची.

मामा : माझ्यासाठी आणली होती म्हणूनच.

जावई : ह्याला काय अर्थ आहे, मामा?

मामा : तुम्हाला नाही कळणार. तुम्ही शिकलेले, उद्या दुसरीकडे जाल, तिथंही तुम्हाला खुर्ची मिळेल. ताई, कोणी पाहुणा आला, माल देणारा आला, कंपनीचा माणूस आला, की तू माझी ओळख करून देतेस. काय म्हणतेस?

मालकीण : काय म्हणते? माझा भाऊ म्हणते.

मामा : पुढचं.

मालकीण : आता पुढचं काय...

मामा : "हा माझा धाकटा भाऊ. वर चढायला ठेवलाय." असं म्हणतेस. लोक हसतात. मीपण हसतो. मग माझं वर चढणंच बंद झालं तर काय म्हणशील? "हा माझा धाकटा भाऊ. ठेवलाय."

मालकीण : गमतीनं म्हणते मी ते.

मामा : गंमत पहिल्यांदा असते. दुसऱ्यांदा शिळी होते. त्यानंतर ते नावच पडतं माणसाचं.

मालकीण : एवढं लागत होतं तर तोंड उघडायचं होतंस. मला काय स्वप्न पडणार आहे?

मामा : आज उघडलंय ना. वरून.

जावई : मामा, बाईचा डोळा आता कसा आहे?

मामा : मघापेक्षा बरा. हलतोय, पण फिरत नाही.

जावई : मग आताच उतरायचं. पुन्हा चक्कर यायच्या आत. पाय सुटतात का बघा.

मामा : नाही सुटत.

जावई : उजवा जरा उचला.

मामा : अहो, मला खाली कुठं आहे तेच कळत नाहीये! पाय खाली टाकायचा म्हणजे कुठं? सगळीकडे सारखंच वाटतंय. बघायला जावं तर मान हलवायची नाही.

जावई : ठीक आहे. मी येतो वर. ह्या शिडीला पलीकडूनही पायऱ्या आहेत. तुमचा घोटा धरून मी पाय पायरीवर ठेवतो, तुम्ही फक्त वजन टाका.

मालकीण : तुम्ही चढणार? आरशात बघा जरा. चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा.

जावई : पडू दे. चेहऱ्यानं नाही चढायचं. आई, खाली बसा. जमिनीवर. तो रबर गेलेला पाय पोटाशी धरा, मिठी मारा त्याला. सगळं वजन टाका.

मालकीण : बसले. डॉक्टर म्हणतो वजन कमी करा, वजन कमी करा. केलं असतं तर आज काय केलं असतं ह्यानं?

जावई : पुठ्ठा सरकतोय का?

मालकीण : माझ्या मांडीखाली आहे. त्याची काय बिशाद.

जावई : मी चढतोय.

मालकीण : खाली बघू नका. नाहीतर तुम्हाला उतरवायला मी कोणाला आणू? मुलगी मला उभी जाळेल.

जावई : बोलू नका माझ्याशी. मोजूही नका. काही करू नका.

मामा : जावईबापू, तुमचे दात वाजताहेत.

जावई : वाजताहेत. हा तुमचा घोटा. मी धरलाय. कळतंय?

मामा : कळतंय. थंडगार हात आहेत तुमचे.

जावई : हा मी खाली घेतोय. सोडा पाय. सोडा, मामा.

मामा : नाही... थांबा. अधांतरी वाटतंय सगळं. ताई! ताई, तू बोलत का नाहीस?

मालकीण : ह्यांनी गप्प बसायला सांगितलंय ना.

मामा : बोल. तू बोललीस की कळतं मला, खाली कुठं आहे ते. तुझा आवाज येतो तिकडे खाली. बोल काहीतरी.

मालकीण : काय बोलू?

मामा : रोज काय बोलतेस? शिव्या दे.

मालकीण : आता?

मामा : आता! थांबू नकोस फक्त.

मालकीण : गाढवा. ऐकतोयस? गाढवा! लहानपणापासून ही खोड तुझी. पाण्याच्या टाकीवर चढून बसला होतास, आठवतं? सगळी आळी खाली, आणि हा वरून पाय हलवतोय. उतरला तेव्हा बाबांनी मार कोणाला दिला? मला! लक्ष ठेवलं नाही म्हणून. तेव्हापासून मी तुझ्यावर लक्ष ठेवतेय, आणि तुला वाटतं मी टोचून बोलते. टोचणारच! शाळेत घातला तर पळून आलास, गॅरेजात ठेवला तर भांडून आलास...

जावई : एक पाय आला. आता दुसरा.

मामा : बोलत राहा.

मालकीण : मग ते दिव्यांचं दुकान काढलंस. मी सांगत होते, नको. ऐकलंस? झुंबरं लावली, रंगीत बल्ब लावले, आणि काय उजेड पाडलास? दिव्यांचं दुकान काढून ज्यानं अंधार केला असा तू एकटाच! बंद पडलं तेव्हा आठ दिवस तोंड दाखवलं नाहीस. तुझी बायको आली माझ्याकडे, गरीब गाय. म्हणाली, ताई, हे जेवत नाहीत. मी काय करायचं होतं? गळ्यात पडून रडायचं होतं? ते मला येत नाही. मी म्हटलं, पाठव त्याला, वर चढायला माणूस हवाच आहे मला. म्हटलं, कामाचं नाव घेतलं तर येईल. दया दाखवली असती तर आला असतास? आला असतास का, सांग!

मामा : नसतो आलो.

मालकीण : मग! तेच तर म्हणतेय मी. तेच...

जावई : अजून एक. हा असाच. आई, थांबलात का?

मामा : ताई? कुठं गेलीस? आवाज!

मालकीण : इथंच आहे. कुठं जाणार मी? बसलेय तुझ्या शिडीला कवटाळून.

मामा : शिव्या दे ना.

मालकीण : आठवत नाहीत.

मामा : काय?

मालकीण : आठवत नाहीयेत रे मला! आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवला, आणि आता एकही...

जावई : आई, काहीही बोला. मला बोला हवं तर!

मालकीण : तुम्हाला? तुम्हाला तर... लग्नात तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हा चष्मेवाला माझ्या मुलीनं कुठून शोधून काढला. बोलतो की पुटपुटतो तेच कळत नाही. दुकानात आलात तर प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी चिकटवलीत. "इथं हात लावू नये." "इथं उभं राहू नये." म्हटलं, उद्या माझ्याही पाठीवर चिकटवाल. आणि तो पहारेकरी कुत्र्यासारखा तुमचा स्वभाव, सगळं बघायचं आणि भुंकायचं नाही! भुंकायला काय झालं होतं? एकदा मला येऊन ओरडला असतात, सासूबाई, तुमच्या भावाचा जीव जाईल, तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

जावई : हो.

मालकीण : हो काय?

जावई : खाल्लं असतं. मामा, आता शेवटचीच. ही जमीन. पाय टेकवा. टेकला?

मामा : टेकला.

जावई : दुसरा?

मामा : टेकला. शिडी सोडत नाही मी अजून.

मालकीण : नको सोडूस. ये इकडे. इकडे, माझ्या आवाजाकडे. हा हात धर. अरे, घामानं निथळतोयस नुसता! त्या कोपऱ्यातल्या गादीवर बस. जी दाखवायला ठेवलीय ती.

मामा : प्लास्टिकचं आवरण आहे त्यावर.

मालकीण : फाडलं. बस. आडवा हो. बादली आणू?

मामा : नको. फक्त कोणी हलू नका माझ्यासमोर.

जावई : मीही बसतो जरा.

मालकीण : बसा, बसा. एक गरगरतोय, एक थरथरतोय. दुकान चालवायला कोण? म्हातारी. पाणी घ्या. आधी तुम्ही घ्या, त्याला झोपवूनच पाजावं लागेल.

जावई : आई, ही शिडी आज बाहेर गेली पाहिजे.

मालकीण : भंगारात जाईल. आजच.

मामा : एका रबरासाठी? शिडी चांगली आहे. नवं रबर बसवलं की...

मालकीण : चांगली असेल. मला ती डोळ्यांसमोर नको.

मामा : मग मी काय करणार इथं? गल्ल्यावर बसून जांभया देऊ?

जावई : मामा, काठीनं पोस्टर लावताना लावणाऱ्याला वरचं नीट दिसत नाही. कोणीतरी लांब उभं राहून सांगावं लागतं...

मामा : दया नकोय मला.

मालकीण : दया? तुझ्यावर? माझ्याकडे तेवढी शिल्लक नाही. अरे, ह्यांनी परवा ते मिक्सरचं पोस्टर बरोबर पंख्याच्या तोंडासमोर लावलं. दिवसभर फडफडत होतं, एका गिऱ्हाइकाला वाचता आलं नाही. त्याआधी पडद्यांचं पोस्टर खांबामागं. दारातून आत आलं की माणसाची नजर पहिली कुठं जाते हे तुला कळतं, ह्यांना नाही. ह्यांना फक्त ते खाली पडणार नाही एवढंच कळतं.

जावई : तेही काही कमी नाही.

मालकीण : कमी नाही, म्हटलं का मी? मधे बोलू नका.

मामा : काठीला मी हात लावणार नाही. आत्ताच सांगतो.

मालकीण : नको लावूस. खुर्ची घेऊन बस समोर आणि चुका काढ ह्यांच्या. ते तरी जमेल ना?

मामा : ते आपल्या रक्तातच आहे.

जावई : मला कोणी विचारणार आहे का ह्यात?

मालकीण : नाही. मान वर करायची नाही पण, काय रे? डॉक्टर काय म्हणाला?

जावई : लांब बसलं की मान वर करावी लागत नाही. मी बघून ठेवलंय. दाराजवळच्या खांबापासून बसल्या बसल्या सगळं छत दिसतं.

मामा : बघून ठेवलंय म्हणे. कधीपासून?

जावई : उन्हाळ्यापासून.

मामा : तुम्ही फार चालू माणूस आहात, जावईबापू.

जावई : तुमच्याच घरात आलोय.

मालकीण : पुरे. पुन्हा शटर बडवताहेत. आता काय सांगायचं ह्यांना? एवढा वेळ आत काय करत होतो आपण?

मामा : ताई, सांगू नकोस हं. काहीही सांग, पण ते नको.

मालकीण : मला अक्कल शिकवू नकोस. डोळे मीट... नाही, मिटू नकोस ना. काय ते तुझं... त्या बाईकडे बघ आणि पडून राहा. जावईबापू, शिडी घडी करून मागं न्या. आणि तोंडावर पाणी मारा, भूत पाहिल्यासारखे दिसताय.

(शटर वर जाण्याचा आवाज.)

मालकीण : काय दारं बडवताय? मोडायचंय का शटर? चावी हरवली होती माझी. हो, माझीच. वय झालं, होतं असं. हसायचं असेल तर बाहेरच हसून घ्या. आता आत या, आणि चपला वाजवू नका. त्या कोपऱ्यातल्या गादीकडे कोणी जायचं नाही. माझा भाऊ जरा पडलाय तिथं.